बाहेर उघडणारं दार

"बाथरूमचं दार आत उघडायचं की बाहेर?" आर्किटेक्टनं विचारलं. बाजूला थंड होत चाललेला चहा, टेबलभर पसरलेला नकाशा, त्याच्या कोपऱ्यांवर ठेवलेल्या फरशांच्या नमुन्याच्या चकत्या. नवऱ्याशेजारी बसलेल्या तिचं लक्ष नकाशातल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे होतं. ओट्यासमोर खिडकी हवी, भांडी घासताना बाहेरचं दिसायला हवं, हे ती कितव्यांदा तरी सांगणार होती. तेवढ्यात नवरा म्हणाला, "बाहेर. आत कोणी पडलं तर दार उघडता आलं पाहिजे." एका दमात म्हणाला. उत्तर कधीपासून तोंडात धरून बसला असावा तसं. आर्किटेक्टनं मान हलवली, पेन्सिलीनं दाराची छोटी कमान खोडली आणि उलट्या बाजूनं काढली. पंखा फिरत होता. पलीकडच्या खोलीत कोणीतरी फोनवर हसत होतं. कोणालाच काही झालं नव्हतं. फक्त तिचं खिडकीचं सांगायचं राहून गेलं.

परतताना गाडीत ती बाहेरच्या पाट्या वाचत होती. तो मात्र खुशीत होता, रेडिओवरच्या गाण्यावर चुकीच्या तालात बोटं वाजवत होता. ती स्वतःला समजावत होती की ही त्याच्या धंद्याची खोड आहे. तो कारखान्यात सुरक्षा अधिकारी. हॉटेलात गेला तरी आधी बाहेर पडायचा रस्ता बघणार आणि मग मेनू. लग्नाच्या हॉलमध्ये कोणी बंद दारापुढे खुर्च्या मांडल्या तर स्वतः उठून हलवणार. नातेवाईक त्याला 'आगबंब' म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं. तेव्हा अशा माणसानं दार बाहेर उघडायला सांगितलं, यात नवल ते काय? पण 'कोणी पडलं तर' म्हणताना त्याचा आवाज कारखान्यातला नव्हता. तिला तो आवाज ओळखीचा वाटला. आणि मग अण्णा आठवले. खरं तर अण्णा आठवायला नकोत म्हणूनच ती इतका वेळ रस्त्यावरच्या पाट्या वाचत होती.

अण्णा, म्हणजे तिचे वडील, बाथरूममध्ये पडले तेव्हा ती शाळकरी वयाची होती. त्या दिवशी सुट्टी होती आणि ती घरीच होती. धप्प असा आवाज झाला, मग बादली गडगडत गेल्याचा. दार आत उघडणारं होतं, आणि अण्णा आत दाराला लागूनच आडवे झाले होते. आईनं ढकललं, तिनं ढकललं. फट पडायची तेवढ्यात आतून अण्णा कळवळायचे. कारण ढकलायचं म्हणजे त्यांनाच ढकलायचं होतं. फटीतून पाणी बाहेर येत होतं आणि तिचे पाय भिजत होते. आई जिन्यात जाऊन शेजाऱ्यांना हाका मारत होती. ती दाराला कान लावून बसली होती आणि अण्णा आतून तिला सांगत होते, "काही नाही झालं ग. घाई नको. घाई नको." बिजागऱ्या आतल्या बाजूला. शेवटी दाराची फळी फोडावी लागली. अण्णांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ते अंथरुणाला खिळले ते खिळलेच, आणि वर्षही उलटलं नाही. घरात सगळे म्हणायचे, पाय घसरला. आई म्हणायची, "धांदरट होते, दुसरं काय! आयुष्यभर सांगून थकले, बघून चाला, बघून चाला." हे सगळं तिनं नवऱ्याला कधीतरी सांगितलं होतं का, तिला आठवेना. सांगितलं असेल तर तो तिच्यासाठी बोलला. सांगितलं नसेल तर मग तो कोणासाठी बोलला?

त्या दिवसापासून ती त्याला बघायला लागली. नवऱ्याकडे इतक्या वर्षांनी बघायला लागलं की तो अनोळखीच दिसतो. चहाचा कप उचलताना हात थरथरतो का? एकच गोष्ट दोनदा सांगतो का? तसं तो पूर्वीपासूनच दोनदा सांगायचा. पण रस्ता ओलांडताना तो आता तिचा दंड धरायचा. पूर्वी कधी धरायचा? लग्नाच्या नवलाईतसुद्धा तो चार पावलं पुढे चालणारा माणूस. सिनेमाच्या अंधारात शिरताना तर त्याची पकड अशी घट्ट असायची की तिला वाटायचं, हा आपल्याला धरत नाहीये, आपल्या आधारानं चालतोय. जिना उतरताना तो पुढे व्हायचा आणि कठड्यावर हात ठेवून हळूहळू उतरायचा. गॅलरीच्या उंबऱ्यावर त्यानं पिवळी पट्टी चिकटवली, कारखान्यात पायऱ्यांच्या कडांना लावतात तसली. "हे काय?" तिनं विचारलं, तर म्हणाला, "उरली होती." बैठकीतलं बुटकं टेबल त्यानं एका सकाळी उचलून भिंतीशी लावलं. ते बरंच झालं. त्या टेबलाच्या कडेनं तिच्या नडग्या कायम काळ्यानिळ्या झालेल्या असायच्या. हे भाड्याचं घर होतंच तसं, अरुंद, वळायला जागा नाही, कपाटाची दारं खांद्याला लागायची. घर अंगावर येतं, असं ती मुलीला फोनवर सांगायची. खरं तर स्वतःचं घर बांधायचं तिनंच मनावर घेतलं होतं. जिथं अंगाला काही लागणार नाही असं घर.

ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. सकाळपासून मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं, काचपट्टीवर पसरलेल्या रक्तातल्या पेशी बघायच्या. तिची नजर लॅबमध्ये वाखाणली जायची. नवी मुलं अडली की पट्टी तिच्याकडे यायची. ज्याचं रक्त आहे तो माणूस तेव्हा कुठंतरी ऑफिसात बसलेला असायचा, कोणाशी तरी हुज्जत घालत असायचा. त्याला अजून काही कळलेलं नसायचं, आणि तिला कळलेलं असायचं. त्या मधल्या वेळेची तिला सवय होती. पण आता तिला वाटायला लागलं की या वेळी आपण त्या दुसऱ्या टोकाला आहोत. नवऱ्याला काहीतरी कळलेलं आहे. तो कुठल्यातरी डॉक्टरकडे एकटाच जाऊन आलाय आणि आता तोंडातून शब्द न काढता स्वतःच्या आजारपणाला शोभेल असं घर बांधून घेतोय. घर नव्हे, खाट. मोठी, भिंतींची, छपराची खाट. आणि आपण मात्र खिडक्या मागत बसलोय.

एका सकाळी ती सुई आणि नळ्या घेऊन त्याच्यासमोर बसली. "हात पुढे कर."

"कशाला?"

"वर्षाचं चेकअप. तू कारखान्यातल्या सगळ्यांचं करून घेतोस, स्वतःचं कधी केलंस?"

त्यानं मुकाट्यानं बाही वर केली. "बाईसाहेब, थोडं ठेवा अंगात," असा विनोदही केला. शीर तिला पहिल्या झटक्यात मिळाली. रक्त नळीत चढताना तो तिच्या हाताकडे बघत नव्हता, तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, अगदी जवळून, काहीतरी तपासत असल्यासारखा. तिनं नळी उचलून बाजूच्या डब्यात ठेवायला हात नेला. डबा होता त्याच्या अलीकडेच हात टेकला असता, पण त्यानं डबा सरकवून तिच्या हाताखाली आणला. ती मनात म्हणाली, किती घाबरलाय. दुपारी लॅबमध्ये तिनं त्याच्या रक्ताची पट्टी स्वतः केली आणि स्वतः बघितली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. सगळं ठीक होतं. साखर ठीक, मूत्रपिंड ठीक, पेशी तर तरण्याताठ्या माणसासारख्या. हायसं वाटायला हवं होतं, पण तिची भीती उलट वाढली. रक्तात न दिसणारे आजार तिला एकामागून एक आठवायला लागले. मेंदूतले, नसांमधले. ज्यांना तिच्या काचेखाली आणताच येत नाही असले.

पुढच्या बैठकीत जिन्यावरून भांडण झालं, तेही परक्या माणसासमोर. तिला वर एक खोली हवी होती, फार मोठी नको, छपराखाली, तीन बाजूंनी उजेड येणारी. आर्किटेक्टनं ती काढलीही होती, लाकडी पायऱ्यांसकट. नवरा म्हणाला, "जिना नको. सगळं एकाच पातळीवर घ्या. उंबरेसुद्धा नकोत. आणि पॅसेजला दोन्ही बाजूंनी धरायला कठडा."

"दवाखाना बांधतोयस का?" ती म्हणाली.

"म्हातारपणाचा विचार करायला नको?"

"अजून म्हातारं व्हायचंय आपल्याला!"

"होऊच की," तो म्हणाला, आणि नकाशाकडे बघत राहिला.

आर्किटेक्ट पोरसवदा होती. ती घाईघाईनं म्हणाली की काका म्हणतात तेही बरोबर आहे, हल्ली पुष्कळ जण असंच मागतात, जिन्याची जागा राखून ठेवू आणि नंतर ठरवू. नंतर म्हणजे कधी, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण त्या प्रश्नाचं उत्तर नवऱ्यानं दिलं असतं तर काय, या भीतीनं तिनं तो गिळला. पेन्सिलीनं खोली पुसली गेली. कागदावर नुसती फिकट सावली राहिली. मुलीला फोनवर सांगितलं, तर ती परगावाहून म्हणाली, "आई, बाबा म्हातारे झालेत, दुसरं काही नाही. तू उगाच भुताला भाकरी घालतेस." तिनं फोन ठेवला आणि वळताना कपाटाचं उघडं दार कपाळावर घेतलं.

मग आखणीचा दिवस आला. शहराच्या कडेचा प्लॉट, आजूबाजूला अर्धवट घरं, सळ्या वर आलेले खांब, दूर कुठंतरी खडी टाकल्याचा आवाज. मिस्त्रीनं खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या होत्या आणि दोऱ्यांच्या खालून पांढऱ्या फक्कीच्या रेषा मारत आणल्या होत्या. रेषांमध्ये घर फारच लहान दिसत होतं. कागदावरचा दिवाणखाना जमिनीवर पडवीएवढा. "दिसतं असंच," मिस्त्री म्हणाला, "भिंती चढल्या की घर मोठं होतं. उलटं आहे, पण तसंच आहे." नवरा त्याच्याशी पायाच्या खोलीबद्दल बोलायला लागला. तिला स्वयंपाकघरात उभं राहून बघायचं होतं, ओट्यासमोरून काय दिसतं ते. समोर एक बिनपानांचं झाड होतं, त्यामागे आभाळ. त्या झाडावर नजर ठेवून ती चालत निघाली. तिला नवऱ्याची हाक ऐकू आली, "थांब!" आणि त्याच क्षणी तिच्या घोट्यांना कशानं तरी पकडलं. ती तोंडावर पडली. तळहात सोलवटले, तोंडात माती गेली.

तो धावत आला. मिस्त्रीही आला. "ताई, दोरी दिसली नाही का?" मिस्त्रीनं सहज विचारलं. दोरी नारिंगी होती, नवीकोरी, उन्हात चकाकत होती. ती मातीत बसून दोरीकडे बघत होती. आता स्वच्छ दिसत होती, तिचा पीळसुद्धा. "नाही दिसली," ती म्हणाली.

"मला माहीत आहे," नवरा म्हणाला.

मिस्त्री पाणी आणायला गेला. नवरा तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि तिच्या हातातली माती झटकत राहिला, झटकून झाल्यावरही. "खालचं दिसत नाही तुला. बाजूचंही नाही. समोरचं दिसतं. म्हणून तुला कळत नाही. वर्ष झालं असेल मला लक्षात येऊन. तू दाराच्या चौकटींना आपटतेस. कोणी डावीकडून आलं की दचकतेस. त्या दिवशी जिन्यात शेवटची पायरी राहिली होती आणि तू संपली समजून पाय टाकलास."

ती त्याच्याकडे बघत होती. त्याचा चेहरा पूर्ण दिसत होता, भुवईतला पांढरा केससुद्धा. मग ती त्याच्या चेहऱ्यावरून नजर न हलवता त्याचा हात शोधायला लागली. तो तिचा हात धरून होता, हे तिला जाणवत होतं, पण दिसत नव्हतं. अंधार नव्हता. काळं काही नव्हतं. जिथं हात असायला हवा तिथं फक्त लक्ष पोचत नव्हतं, जसं पाठीमागे पोचत नाही. इतके दिवस हे असंच होतं. इतके दिवस तिला वाटत होतं, आपण सगळं बघतो आहोत.

"मग बोलला का नाहीस?"

"घर झालं की बोलणार होतो." आणि थोड्या वेळानं, "सांगितलं की खरं होतं."

डोळ्यांच्या डॉक्टर वयस्क होत्या, भराभर बोलणाऱ्या. थेंब टाकले, दाब मोजला, डोळ्यांत उजेड मारून बघितला आणि विचारलं, "घरात कोणाला काचबिंदू होता? आई, वडील?"

"नाही," ती म्हणाली. मग तिचंच तिला ऐकू आलं, "वडील धांदरट होते."

डॉक्टर लिहायच्या थांबल्या.  तिच्या डोळ्यांपुढे एकेक अण्णा यायला लागले. टेबलावरचा कप सांडणारे अण्णा, चपलांना अडखळणारे अण्णा, पाहुण्यांनी पुढे केलेला हात तसाच ठेवून बोलत राहणारे अण्णा, आणि मागून आईचा आवाज, बघून चाला. त्यांचा पाय घसरला नव्हता. त्यांना बादली दिसली नव्हती. आणि घरातल्या कोणालाच ते कधी कळलं नाही, अण्णांनाही नाही. आपण धांदरट आहोत असं मानूनच ते गेले.

मग तिला एका अंधाऱ्या खोलीत बसवलं. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवून समोर पांढरा वाडगा, चेहऱ्याहून मोठा. मधल्या ठिपक्याकडे बघायचं, नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठंही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. "सोपं आहे," तिथली बाई म्हणाली आणि दार लोटून गेली. पहिला दिवा दिसला. तिनं बटण दाबलं. दुसरा. दाबलं. मग काहीच नाही. यंत्रातून बारीक घरघर येत होती, आत काहीतरी सरकत होतं, थांबत होतं, पुन्हा सरकत होतं. तिला वाटलं, यंत्र तयारी करतंय. ती वाट बघत राहिली. पांढरा वाडगा शांत होता, दूध निवत ठेवल्यासारखा. घरघर, थांबणं. घरघर, थांबणं. आणि मग तिला कळलं. यंत्र तयारी करत नव्हतं. प्रत्येक थांबण्याला एक दिवा लागत होता. ती बसली होती तिच्या चहूबाजूंना दिवे लागत होते, विझत होते, आणि तिच्यापर्यंत त्यातला एकही येत नव्हता. तिचा अंगठा बटणावर घामानं ओला झाला. एकदा तिनं नुसताच दाबला, काही न दिसता, भीतीनं. मग स्वतःचीच लाज वाटली. आयुष्यभर ती दुसऱ्यांना सांगत आली होती, जे दिसेल तेच लिहायचं. तिनं अंगठा उचलून धरला आणि ती ऐकत राहिली.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं सांभाळता येतं, बहुतेक येतं. रोज न चुकता थेंब, दर काही महिन्यांनी तपासणी, गरज पडली तर शस्त्रक्रिया. "लॅबचं काम चालू ठेवा. मधली नजर उत्तम आहे तुमची." मग सहज, फाइल बंद करताना म्हणाल्या, "वर्षभर आधी आला असता तर आणखी वाचलं असतं." तिनं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. आता तिला मान वळवावी लागते हे तिला कळत होतं. तो खुर्चीत ताठ बसला होता. कारखान्यात अपघात झाला की तो असाच बसतो, असं त्याचे सोबती सांगायचे.

त्यानंतर बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तो सकाळ-संध्याकाळ थेंब टाकायचा, ती मान मागे टाकून पडून राहायची, आणि त्याचा चेहरा तिच्यावर उलटा लोंबायचा. राग होता. माझ्या आंधळेपणाचं घर बांधायला निघालास, पण मला आंधळेपण सांगायला तुझं तोंड उघडलं नाही. लोकांच्या हेल्मेटवरून कारखाना डोक्यावर घेतोस. हे ती म्हणाली नाही असं नाही. एका दुपारी सगळं म्हणाली, वर आणखी चार गोष्टी म्हणाली.  शेवटी तो म्हणाला, "मला वाटलं, मी बाजूला असलो की पुरेल."  तिलाही आठवलं, त्याच्या दंडातून काढलेलं रक्त आपण कसं लपवून बघितलं होतं, आणि चांगलं निघाल्यावर त्याला सांगितलंसुद्धा नव्हतं. "तुझं सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "रक्त. सगळं छान आहे." त्याला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. मग कळलं, आणि तो रडायला लागला. ती मात्र रडली नाही. डोळ्यांत औषध होतं.

पाया खणायच्या आदल्या दिवशी दोघं प्लॉटवर गेले. आर्किटेक्टनं सगळे बदल करून शेवटचा नकाशा पाठवला होता, आणि या वेळी ती त्यातल्या प्रत्येक रेषेवर स्वतः बोलली होती. मशीन येऊन उभं होतं, पिवळं, सोंड जमिनीला टेकवून झोपलेल्या जनावरासारखं. दोऱ्या मिस्त्रीनं उद्याच्या खणण्यासाठी काढून ठेवल्या होत्या. नुसत्या रेषा होत्या.

"तू इथं थांब," ती म्हणाली. "बाजूला येऊ नकोस. बोलूही नकोस."

तिनं डोळे मिटले. नकाशा तिला पाठ होता. दिवाणखाना, मग उजवीकडे पॅसेज, डाव्या हाताला झोपायची खोली, टोकाला स्वयंपाकघर. ती चालायला लागली. पहिली काही पावलं सोपी गेली, उजेड पापण्यांवर तांबडा पडला होता. मग पॅसेजकडे वळली, आणि वळताक्षणी दिशा अशी सुटली की जणू पायाखालून कोणी जमीनच फिरवली. तरी ती थांबली नाही. हात पुढे केला. भिंत नव्हती. कुठंच काही नव्हतं. आपटायलाही काही नव्हतं, याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. वारा सगळीकडून सारखाच लागत होता. माती सगळीकडे सारखीच होती. मनात ती स्वयंपाकघरात पोचली, ओट्यापाशी उभी राहिली आणि तिनं विचारलं, "कुठे आहे मी?"

 त्याचा आवाज आला तो भलत्याच बाजूनं, आणि अपेक्षेपेक्षा खूप लांबून.

"बाहेर. भिंतीतून गेलीस."

त्याचं पाऊल वाजलं. तो निघाला होता.

"थांब," ती म्हणाली. "तिथंच थांब. उद्यापासून भिंतीतून जाता येणार नाही."

पाऊल थांबलं. तिनं डोळे उघडले नाहीत. आवाज आला होता ती बाजू ध्यानात धरली, हळूहळू अंग तिकडे वळवलं, आणि उजवा पाय पुढे सरकवून चाचपत ती आत जायला निघाली.